ई-स्पोर्ट्सचं प्रेक्षागृह: आरडाओरडा आत जावा, बातमी जाऊ नये

आराखडा

नमस्कार मंडळी,

मी वास्तुविशारद. आजवरचं बहुतेक काम नाट्यगृहांचं आणि सभागृहांचं. गेले चार महिने १,८०० खुर्च्यांच्या ई-स्पोर्ट्स अरीनाच्या, म्हणजे संगणकावरच्या खेळांच्या स्पर्धा भरवायच्या प्रेक्षागृहाच्या, आराखड्यावर बसले आहे. एका गोष्टीने पहिल्या दिवसापासून भंडावून सोडलंय, ती इथे मांडते. तुमच्यात ध्वनीवाले आहेत, प्रक्षेपणवाले आहेत, स्वतः खेळलेलेही आहेत.

नाटकात पुढे काय होणार हे नटाला ठाऊक असतं, प्रेक्षकाला नसतं. फुटबॉलच्या मैदानावर दोघांना साधारण सारखंच दिसतं. इथे मात्र प्रेक्षकाला खेळाडूपेक्षा जास्त कळत असतं. दहा जण नकाशावर कुठे आहेत, भिंतीआड कोण दबा धरून बसलाय, हे मोठ्या पडद्यावर सगळ्या सभागृहाला दिसतं. फक्त ज्याच्या पाठीशी शत्रू उभा आहे, त्यालाच ते दिसत नाही. आणि हे सगळे एकाच छताखाली बसलेले.

म्हणजे मला अशी वास्तू उभारायची आहे जिच्यात प्रेक्षकांचा जोश खेळाडूपर्यंत पोचेल, पण त्या जोशातली बातमी पोचणार नाही. कॅमेऱ्यांची, प्रक्षेपणाची सोय करायचीच आहे, पण माझ्या लेखी पाया हा आहे.

सध्याची मांडणी अशी: मंचाच्या पाठीमागे मोठी एलईडी भिंत, म्हणजेच खेळ दाखवणारा पडदा, तिच्यापुढे पाच-पाच जणांची दोन टेबलं, खेळाडूंची तोंडं प्रेक्षकांकडे. समालोचक मंचाच्या डाव्या कडेला. नियंत्रण कक्ष सभागृहाच्या शेवटच्या भिंतीत, मोठ्या काचेमागे. शेवटची रांग पडद्यापासून ३५ मीटरवर.

पहिला प्रश्न: खेळाडूंना ध्वनिरोधक काचेच्या खोल्या द्याव्यात की उघड्यावर बसवावं? दुसरा: या मांडणीत मी काय विसरले आहे?

जुना भिडू

ताई, मी सहा वर्षं काउंटर-स्ट्राइक हा पाच-पाच जणांचा गोळीबाराचा खेळ खेळलो, दोन्ही तऱ्हांच्या मंचांवर. माझं मत उघड्या मंचाच्या बाजूने आहे.

काचेच्या खोलीत बसलं की स्पर्धा आहे असं वाटतच नाही. सरावाच्या खोलीत बसल्यासारखं वाटतं. बाहेर हजारो लोक उभे राहून ओरडतायत, आणि आत पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. शिवाय पाच माणसं आणि पाच संगणक बंद खोलीत. दुसऱ्या नकाशापर्यंत टी-शर्ट पाठीला चिकटतो.

पण उघड्यावर काय होतं तेही सांगतो. आत इअरफोन, त्यावर मोठा हेडसेट, आणि त्या हेडसेटमध्ये सतत खरखर सोडलेली, जेणेकरून बाहेरचं काही ऐकू येऊ नये. तरीही एकदा मी कोपऱ्यात लपून बसलो होतो, काहीच घडत नव्हतं, आणि अचानक मनगटाखालचं टेबल थरथरलं. समोरच्या पाण्याच्या बाटलीत बारीक वलयं उठली. कानाला काही ऐकू आलं नाही, पण टेबलाने सांगितलं की कोणीतरी माझ्या अगदी जवळ आलंय. मी वळलो आणि गोळी झाडली. तो डाव आम्ही जिंकलो. पंचांना काही कळलं नाही, पण मला आजही तो डाव आमचा वाटत नाही.

आणखी एक, थंडी. प्रेक्षकांसाठी एसी जोरात लावतात आणि त्याचा झोत नेमका मंचावर पडतो. डाव संपला की मी दोन्ही हात काखेत धरून बसायचो. हात गरम ठेवायच्या पुड्या घेऊन बसलेले खेळाडू तुम्हाला प्रत्येक मोठ्या स्पर्धेत दिसतील. बोटं गार पडली की नेम जातो.

नादखुळा

भिडू, तुझी पाण्याची बाटली म्हणजे माझ्या अख्ख्या व्यवसायाचं दुखणं आहे. ताई, जरा लांबण लावतो, पण हे वाचाच.

कानाला येणारा आवाज हेडसेटने अडतो. खालच्या पट्टीतला आवाज अडत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे ५० हर्ट्झच्या दणक्याची लहर जवळजवळ ७ मीटर लांब. एवढ्या लांब लहरीला काचेची खोली म्हणजे पुठ्ठ्याचा खोका. जड दुहेरी काच, मध्ये चांगलं अंतर, तरंगती जमीन एवढं सगळं केलं तरच फरक पडतो. म्हणून 'खोली की उघडं' यापेक्षा जमीन कुठे जोडलेली आहे हा प्रश्न मोठा.

बहुतेक ठिकाणी मंच म्हणजे लाकडी पोकळ खोका, आणि जागा वाचते म्हणून सबवूफर, म्हणजे खालच्या पट्टीचे मोठे स्पीकर, त्याच्या पोटात ढकलतात. म्हणजे खेळाडूंना तबल्यावरच बसवलं! खेळाडूंच्या टेबलांखालचा भाग मंचापासून सुटा करा, खाली रबराच्या किंवा स्प्रिंगच्या बैठका द्या, आणि मंचाच्या बाकी चौकटीला तो कुठेही टेकू देऊ नका. एक लोखंडी पट्टी जरी दोघांना जोडून गेली तरी सगळा खर्च पाण्यात.

सबवूफर मंचाखालून काढून पुढे आणा आणि कार्डिऑइड पद्धतीने लावा. म्हणजे काही सबची तोंडं मागे करायची, त्यांचा आवाज उलट्या ध्रुवतेने आणि मोजून उशिरा सोडायचा, की मंचाकडे जाणाऱ्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. प्रेक्षकांना दणका मिळतो, मंच बऱ्यापैकी शांत राहतो.

आणि उशीर विसरू नका. ३५ मीटरवरच्या माणसाला मंचावरचा आवाज साधारण १०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. बंदूक आधी चमकते, आवाज नंतर येतो. मधल्या रांगांवर वेगळे स्पीकर टांगून त्यांना तेवढा उशीर द्यावा लागेल. भिंती-छतात शोषक भरपूर घ्या. नाट्यगृहात तुम्ही नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्यासाठी भिंतींचा उपयोग करता. इथे सगळं स्पीकरमधून येतंय, भिंतीने काही परत पाठवायचं नाही. समालोचकाचे शब्द, गोळीबार आणि टाळ्या यांचा काला झाला तर प्रेक्षक वैतागतो. भरलेल्या सभागृहात प्रतिध्वनी विरायला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागला तर मी समाधानी असेन. आवाज किती वेळ घुमत राहतो ते काढायच्या सबाइनच्या सूत्रात घनफळ आणि शोषण घालून बघा, तुमचं उंच छत बहुतेक त्याच्या कितीतरी वर जाईल.

झरोका

मी प्रकाशयोजना करतो. मांडणी वाचली आणि पहिलाच विचार आला तो असा: खेळाडूंची तोंडं प्रेक्षकांकडे, म्हणजे त्यांच्या मॉनिटरची तोंडं मागच्या एलईडी भिंतीकडे. ती भिंत उजळली की तिचं प्रतिबिंब मॉनिटरच्या काळ्या कोपऱ्यांत उतरतं. अंधाऱ्या बोगद्यात शिरलेल्या खेळाडूला शत्रूऐवजी भिंतीवरचा लाल झगमगाट दिसतो.

उपाय अवघड नाही. भिंतीची खालची कड खेळाडूंच्या डोक्यापेक्षा बरीच वर घ्या आणि खुर्च्यांच्या पाठीमागे काळ्या, चकाकी नसलेल्या फळ्यांची आडोशाची भिंत द्या. चेहऱ्यावरचा प्रकाश दोन्ही बाजूंनी तिरका येऊ द्या, समोरून सरळ नको. समोरून मारला तर खेळाडूचे डोळे दिपतात, मागून मारला तर मॉनिटर पांढरा पडतो.

प्रकाशाच्या लुकलुकाटाला सेकंदाला ३ ची मर्यादा घाला. अपस्माराचा त्रास असलेली माणसं प्रेक्षकांत असतात, आणि तेच चित्र प्रक्षेपणातून घरोघरी जातं. बॉम्ब फुटला की अख्खं सभागृह लखलखवायचा मोह मलाही होतो. तरीही नाही.

तिसरा डोळा

मी ऑब्झर्व्हर आहे. म्हणजे खेळाच्या आत कॅमेरा फिरवणारा, कोणत्या खेळाडूच्या नजरेतून दाखवायचं हे ठरवणारा. ताई, तुमची नियंत्रण कक्षाची काच वाचून मला धडकी भरली.

असंच एक ठिकाण होतं, नाव सांगत नाही. मागच्या भिंतीत सुंदर लांबलचक काच, आत आम्ही. आम्ही दिवे मंद करून बसायचो, त्यामुळे बाहेरून ती काच म्हणजे काळा आरसा व्हायची. उपांत्य सामन्यात एका प्रशिक्षकाने पंचांना बोलावलं आणि बोट दाखवलं. पंच त्याच्या खुर्चीत बसले, समोर बघितलं, आणि सभागृहाच्या पार टोकाला, प्रेक्षकांच्या डोक्यांवर, त्या काचेत अख्खी एलईडी भिंत उलटी दिसत होती. बारीक अक्षरं वाचता येत नव्हती, पण नकाशावरचे लाल ठिपके कुठे जमलेत ते सरळ दिसत होतं. सामना ४० मिनिटं थांबला. कोणीतरी काळे पडदे शोधून आणले आणि उरलेले दोन दिवस आम्ही पडद्याआड काम केलं.

खेळाडू मोठ्या पडद्याकडे बघणार नाही असं धरून चालू नका. २०१२ च्या लीग ऑफ लीजेंड्स जागतिक स्पर्धेत मंचावरून मान वळवली की मोठ्या पडद्यावरचा नकाशा दिसत होता. तो बघितला म्हणून एका संघाला ३०,००० डॉलर दंड झाला. माझ्या मते त्यात निम्मा दोष मांडणीचा होता. माणसाच्या डोळ्यांसमोर उत्तर ठेवायचं आणि बघू नकोस म्हणायचं, हे बरोबर नाही.

म्हणून काच काढा. पण आम्हाला तळघरातही टाकू नका. मला सभागृह ऐकू यायला हवं. मी चुकीच्या खेळाडूवर असलो की १,८०० लोकांचा एकदम 'अरेरे' येतो, आणि तेवढ्यावरून मला कळतं की दुसरीकडे काहीतरी निसटलं. प्रेक्षकांवर टांगलेल्या मायक्रोफोनचा आवाज प्रक्षेपणाला जातोच. तोच माझ्या कानात द्या, आणि सभागृह दाखवणारा एक कायमचा कॅमेरा. काचेपेक्षा ते जास्त कामाचं.

आराखडा

तिसरा डोळा, मनापासून आभार. त्या काचेवर मी तीन आठवडे घालवले होते. प्रेक्षकांना आतली धावपळ दिसावी अशी हौस होती. ती आता गेली.

भिडू, टेबलाच्या थरथरीची गोष्ट मी आमच्या संरचना अभियंत्यांना जशीच्या तशी वाचून दाखवली. खेळाडूंचा चौथरा सुटा करायचं ठरलं. त्याचे खांब मंचाला कुठेही न शिवता थेट तळाच्या स्लॅबवर उतरतील. खोल्यांबाबत माझा कल आता उघड्या मंचाकडे आहे. पण 'द इंटरनॅशनल'सारख्या, डोटा या खेळाच्या स्पर्धेत ध्वनिरोधक खोल्या वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या आहेत, त्यामुळे आयोजकाने मागितल्या तर उभ्या करता याव्यात. चौथऱ्याची वजन पेलायची क्षमता आणि हवेच्या नळ्यांची तोंडं आधीच ठेवते.

थंडीचं गणित मांडलं. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो, म्हणजे नुसत्या प्रेक्षकांचेच १८० किलोवॉट, जवळपास ५१ टन एसी. दहा संगणक मिळून फार तर ६ किलोवॉट. तर हा सगळा गारवा माणसांसाठी, आणि तो वरून झोताने न सोडता खुर्च्यांखालून हळूहळू सोडायचा. आवाजही कमी होतो. खेळाडूंच्या चौथऱ्याला वेगळी नळी आणि वेगळा थर्मोस्टॅट.

चाकावरची

सगळे खेळाडूंबद्दल बोलताय, मी प्रेक्षकांबद्दल बोलते. मी व्हीलचेअर वापरते आणि जमतील तेवढ्या स्पर्धा प्रत्यक्ष बघते.

निर्णायक क्षणी लोक उभे राहतात. ते राहणारच, त्यासाठीच आलेले असतात. आणि त्या क्षणी मला पुढच्याची पाठ दिसते. एका अंतिम सामन्याचा शेवटचा डाव मी फक्त ऐकला. कोण जिंकलं ते शेजारच्या मुलीने सांगितलं. घरी जाऊन तोच डाव मोबाइलवर बघितला, तेव्हा वाटलं की मग गेले कशाला?

आराखड्यात दृष्टिरेषा काढताना पुढचा माणूस बसलेला धरतात. आमच्या जागांसाठी तो उभा आहे असं धरा, म्हणजे आमचा ओटा किती उंच हवा ते आपोआप कळेल. सगळ्या जागा शेवटच्या रांगेत ढकलू नका, दोन-तीन ठिकाणी वाटा. सोबत्याची खुर्ची शेजारी हवी, मागे नको. आणि आवाज-दिवे असह्य झाले तर बसता येईल अशी एक शांत खोली ठेवा, तीही सभागृहाच्या जवळ, दोन जिने उतरून नव्हे.

दुसरं, पडदा. ३५ मीटरवरून कोणाकडे खेळातले किती पैसे, किती गोळ्या उरल्या ते वाचता येणार आहे का? भिंत मोठी आहे म्हणून अक्षरं मोठी असतात असं नाही.

आराखडा

चाकावरची, तुमचा शेवटचा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. काल रात्री गणित केलं.

डोळ्याला अक्षर आरामात वाचायला त्याची उंची साधारण २० कोनीय मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं) हवी, ओढूनताणून १० चालतात. ३५ मीटरवर २० मिनिटं म्हणजे २० सेंटिमीटर. खेळाच्या १०८० ओळींच्या चित्रात बारीक आकडे साधारण २० पिक्सेल उंच असतात. म्हणजे एक पिक्सेल एक सेंटिमीटरचा, आणि पडदा १०.८ मीटर उंच! माझा पडदा ५.४ मीटर. म्हणजे शेवटच्या रांगेला सगळं जेमतेम वाचता येईल.

पडदा दुप्पट करणं बजेटमध्ये बसत नाही, आणि पहिल्या रांगेतल्यांच्या मानाही मोडतील. तेव्हा दोन गोष्टी करते. सभागृह लांबीने कमी आणि रुंदीने जास्त, शेवटची रांग २७ मीटरवर. आणि दोन्ही बाजूंना उभे पडदे, ज्यांच्यावर खेळाचं चित्र नाही, फक्त आकडे: नावं, पैसे, जीव, डाव. प्रक्षेपणाच्या चित्रात हे सगळं कोपऱ्यात कोंबावं लागतं. सभागृहात जागा आहे, तर मोठं करून दाखवू. तिसरा डोळा, म्हणजे तुमच्याकडून सभागृहासाठी वेगळं चित्र आणि घरच्यांसाठी वेगळं चित्र लागेल. जमेल?

तिसरा डोळा

जमेल, आणि मी कधीपासून हेच म्हणतोय. वेगळा ग्राफिक्सवाला द्या, एवढंच. घरी बसलेल्याला पडदा हातभर अंतरावर असतो, तेच चित्र २७ मीटरवर टांगून चालत नाही.

फक्त एक. ते बाजूचे पडदे खेळाडूंच्या नजरेच्या टप्प्यात येणार नाहीत ना? भिंतीच्या रेषेपेक्षा पुढे आणू नका. समालोचकांसमोरचे छोटे मॉनिटरही तपासा. त्या मॉनिटरची पाठ खेळाडूंकडे हवी.

जोडणी

नेटवर्क आणि वीज माझ्याकडे, म्हणून थोडक्यात, पण कळकळीने.

त्याच २०१२ च्या स्पर्धेत इंटरनेट पुन्हापुन्हा तुटल्याने एक सामना कित्येक तास रखडला आणि शेवटी पुढे ढकलावा लागला. खेळाचा सर्व्हर इमारतीत ठेवता येत असेल तर ठेवा. सगळे खेळ तशी परवानगी देत नाहीत, म्हणून दोन कंपन्यांच्या लाइनी घ्या. त्या दोन्ही एकाच चरातून आल्या तर दोन घेऊन उपयोग नाही, एका जेसीबीत दोन्ही जातात. इमारतीच्या दोन वेगळ्या बाजूंनी आत आणा. खेळाचं नेटवर्क, प्रक्षेपणाचं नेटवर्क आणि प्रेक्षकांचं वायफाय यांचा एकमेकांशी संबंध नको.

यूपीएस खेळाडूंच्या संगणकांना, मॉनिटरना, सर्व्हरला आणि मधल्या प्रत्येक स्विचला. तो एक स्विच नेहमी विसरला जातो. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात संगणक बंद पडला तर अंतिम सामना पुन्हा खेळवायची वेळ येते. दिव्यांची वीज आणि ध्वनीची वीज वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर, नाहीतर दिवे मंदावले की स्पीकर गुणगुणतो.

मंचाखाली माणूस वाकून चालू शकेल एवढी उंची ठेवा. केबल टाकणाऱ्याला पोटावर सरपटायला लावू नका, ताई.

हिशेबनीस

चर्चा उत्तम चालली आहे, एक व्यवहाराची गोष्ट घालतो. फिलाडेल्फियात खास ई-स्पोर्ट्ससाठी फ्यूजन अरीना नावाची ३,५०० खुर्च्यांची, ५ कोटी डॉलरची इमारत २०१९ मध्ये जाहीर झाली होती. ती उभीच राहिली नाही. उलट टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला २०१८ मध्ये जुन्या अधिवेशन केंद्रातच अरीना बसवला, ८५ फुटी एलईडी भिंतीसकट. आणि सर्वांत मोठे सामने तर सर्वसाधारण क्रीडागृहांतच होतात. पोलंडमधल्या कातोवित्सेचं स्पोडेक, जिथे असे सामने वर्षानुवर्षं झाले, ते १९७१ चं आहे.

शिवाय खेळ बदलतात. आज पाच-पाचची दोन टेबलं, पण २०१९ च्या फोर्टनाइट विश्वचषकात १०० खेळाडूंना एका वेळी बसवायला दुमजली चौकट बांधावी लागली. ताईंचा तो सुटा चौथरा काँक्रीटचा कायमचा झाला तर पाच वर्षांत अडसर ठरेल.

आराखडा

हिशेबनीस, हे पटलं. चौथरा आता १.२ मीटर चौरस तुकड्यांचा केला आहे, प्रत्येक तुकड्याच्या स्वतःच्या बैठका. हवे तितके जोडायचे. नादखुळा, तुकड्यांच्या सांध्यांमध्ये रबर आहे, मंचाशी १० मिलिमीटरची मोकळी फट. फटीत कचरा साठून ती भरू नये म्हणून वरून मऊ पट्टी.

काल एका रिकाम्या गोदामात पूर्ण मापाची नक्कल उभी केली. भाड्याची एलईडी भिंत, दोन टेबलं, काळ्या फळ्या, बाजूचे पडदे. आमच्या कार्यालयातल्या एका मुलीला एकेक करून दहाही खुर्च्यांवर बसवलं. भिंतीवर एकच आकडा मोठा करून लावायचा, दर मिनिटाला बदलायचा, आणि तिने मान वळवून, वाकून, कुठल्याही युक्तीने तो वाचायचा प्रयत्न करायचा.

नऊ खुर्च्यांवरून काहीच दिसलं नाही. दहावीवरून, डाव्या टोकाच्या, तिने सलग तीन आकडे बरोबर सांगितले. आम्ही सगळे चक्रावलो. मी स्वतः जाऊन बसले. समालोचकांच्या टेबलाची पुढची बाजू काळ्या, चकाकत्या अ‍ॅक्रिलिकची होती, प्रायोजकाचं नाव उठून दिसावं म्हणून. एलईडी भिंतीच्या कडेचा पट्टा तिच्यात उतरत होता आणि आकडा उलटा, पण स्वच्छ दिसत होता.

ते टेबल आज वाळूच्या कागदाने घासून मॅट करून घेतलं. उद्या सकाळी पुन्हा तीच परीक्षा, या वेळी सबवूफर चालू ठेवून आणि टेबलावर पाण्याची बाटली ठेवून. जुना भिडू, दहाव्या खुर्चीवर तुम्ही येऊन बसाल का?

जुना भिडू

येतो. बाटली मी आणतो.